शत्रूची साक्ष

"भाला मांडीत घुसलाय, ते दिसतंय. पण तो लढाईतच घुसला, हे कशावरून?" दिवाण गुंडोपंतांनी विचारलं.

सुभानजी शिपाई बायकोच्या खांद्यावर भार टाकून करंजगडच्या दरबारात उभा होता. खिंडीच्या लढाईत त्याच्या मांडीत भाल्याचं पातं तुटून राहिलं होतं. वैद्य म्हणाला होता, लवकर कापून काढलं नाही तर पाय जाईल, आणि पायामागोमाग माणूसही. औषधपाण्याचा खर्च सरकारनं करावा, एवढंच मागायला दोघं आली होती.

"मग कुठं घुसणार, दिवाणसाहेब?" सुभानजीची बायको हौसा म्हणाली. "भाजी चिरताना?"

दरबार खो खो हसला. राजा वीरधवल मात्र हसला नाही. तसा तो फार मायाळू! विजयाच्या मिरवणुकीत त्याच्या हत्तीच्या पायात काटा रुतला, तेव्हा वैद्यांची पळापळ झाली होती. हत्तीकडे कुणी पुरावा मागितला नाही. पण हत्ती पडला राजाचा, आणि जखमी शिपाई पडला बायकोचा!

"नियम म्हणजे नियम," राजा म्हणाला. "ज्यानं भाला मारला त्यानं इथं येऊन साक्ष द्यावी. मग खर्च खजिन्यातून."

"शत्रूनं साक्ष द्यायची?" हौसानं विचारलं.

"मग! मारणाऱ्याहून चांगला साक्षीदार कोण?" राजा स्वतःच्याच हुशारीवर खूश झाला. गुंडोपंतांनी "वाहवा!" म्हणून मान डोलावली.

"जशी आज्ञा, सरकार," हौसा म्हणाली.

नवऱ्याला जावेच्या हवाली करून ती घाट उतरली आणि शत्रूच्या जांभुळगडला पोचली. लढाई थांबली होती, बाजार सुरू झाले होते. भाला लागला तेव्हा शत्रूचे लोक "शाब्बास, दर्याजी!" असं ओरडले होते, एवढं सुभानजीला आठवत होतं. विचारत विचारत ती दर्याजीच्या दारात गेली. तो ओट्यावर कुबडी घेऊन बसला होता.

"करंजगडच्या सुभानजीला भाला तुम्हीच मारलात ना?"

दर्याजी दचकला. "बाई, लढाई होती हो ती!"

"भांडायला नाही आले. चांगला नेमका मारलात. आता तेवढं दरबारात येऊन सांगा, म्हणजे औषध मिळेल."

दर्याजीचा चेहरा एकदम खुलला. "अहो वहिनी, मी तर तुमच्याच मालकांना शोधतोय! माझी नडगी त्यांनीच फोडली. आमचा राजाही म्हणतो, फोडणाऱ्याला घेऊन ये!"

दोन्ही राजे एकमेकांचे वैरी, पण अक्कल मात्र सख्ख्या भावांची!

काही दिवसांनी करंजगडच्या दरबारात दोन वैरी गळ्यात गळा घालून आले. दोघांत मिळून धड पाय दोनच, त्याला इलाज नव्हता.

"भाला माझाच, महाराज," दर्याजीनं साक्ष दिली. "पण माणूस चिवट! भाला घुसल्यावरही त्यानं माझी नडगी फोडली. असा शिपाई आमच्याकडे असता, तर..."

"तर काय?"

"तर आमच्या राजानंही त्याला असंच ताटकळत ठेवलं असतं!"

राजा लालबुंद झाला. "गुंडोपंत! शत्रूचा शिपाई माझ्या दरबारापर्यंत आलाच कसा? सीमेवरच्या चौकीत कुणी अडवलं नाही?"

"चौकीत कुणी असेल तर अडवेल ना, सरकार!" हौसा म्हणाली. "तिथले पहारेकरीही त्याच लढाईत जखमी झालेले. कुणाचा डोळा, कुणाचा हात. तुमचा नियम कानावर आला, आणि सगळे आपापला साक्षीदार शोधायला जांभुळगडला गेले!"

"सगळे?"

"झाडून सगळे! आणि जांभुळगडचे जखमी शिपाई इकडं निघालेत. पण घाबरू नका, सरकार. ते हल्ला करायला येत नाहीत. आपापला साक्षीदार मागत दिवाणसाहेबांपुढं रांग लावायला येतायत!"

राजानं गुंडोपंतांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. तो पाहून राजाला आधी खुदकन हसू आलं, मग तो पोट धरधरून हसू लागला.

"बोलवा राजवैद्याला!" तो डोळे पुसत म्हणाला. "सुभानजीचं पातं आजच्या आज काढा, आणि या पाहुण्याची नडगीही बांधा! यापुढं लढाईतल्या प्रत्येक जखमेचा खर्च खजिन्यातून. साक्ष नको नि साक्षीदार नको!"

हौसाला राजानं आपल्या हातातलं सोन्याचं कडं दिलं. गुंडोपंतांना ढाल मिळाली, तलवार मिळाली, आणि पहारेकरी परत येईपर्यंत सीमेवरची ती अख्खी रिकामी चौकी मिळाली!