म्हादबानं पाळणा भरला

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणारं साधं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा राहत होता. त्याचं नाव म्हादबा. भोळा म्हणजे किती भोळा? वहिनी एकदा शेतावर जाताना सांगून गेली, "भावजी, नळाला पाणी आलं की मला हाक मारा." पाणी आलं. म्हादबानं नळाशेजारी उभं राहून हाक मारली. शेत होतं ओढ्यापलीकडं, टेकडीच्या मागं. पाणी आलं तसं गेलं. संध्याकाळी वहिनीनं रिकाम्या घागरी बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"हाक मारायची न्हाई व्हय?"

"मारली की, वहिनी. पोचली नसंल."

अशा माणसावर रागावून काय होणार? वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं म्हादबाला धाकट्या भावासारखं सांभाळलं होतं. म्हादबाही तिचा शब्द कधी खाली पडू देत नसे. शब्द सोडून बाकी सगळं पडायचं, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी वहिनीला अंगणवाडीत सेविकेची जागा मिळाली. फक्त आधी तालुक्याला जाऊन तीन दिवसांचं ट्रेनिंग करायचं होतं, मुक्काम तिथंच. ट्रेनिंग चुकलं तर जागा दुसरीला जाणार. वहिनीनं जाण्यासाठी नवी पिशवीसुद्धा शिवून घेतली. पण घोडं अडलं चिमीपाशी. चिमी ही वहिनीची दीड वर्षाची लेक. दिवसभर ती कुणाकडंही राहायची, पण दिवेलागण झाली की तिला आईचा पाळणा लागायचा. झोपायचा नव्हे, गायचा. तो कानावर पडला नाही तर पोरगी असा गळा काढायची की ओढ्यापलीकडची कुत्री साथीला यायची.

दादा, म्हणजे म्हादबाचा थोरला भाऊ, म्हणाला, "तुझा पाळणा फोनमधी भरून ठिव. सांजच्याला लावू."

दादाचा फोन बटणांचा. चांगला फोन घरात एकच होता, आणि तो साबणाच्या सोडतीत म्हादबाला लागला होता. वहिनीनं म्हादबाला समोर बसवलं.

"भावजी, उद्या माझा पाळणा फोनमध्ये भरायचा. चांगला काठोकाठ भरा, अर्धामुर्धा नको. माझी नोकरी तुमच्या हातात हाय बगा."

"एवढंच ना? बघाच आता," म्हादबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामं आवरून, पदर खोचून वहिनी गायला बसली. म्हादबा फोन घेऊन आला, पण सुरू काही करेना.

"आता जागा न्हाई, वहिनी. फोन भरला."

"कशानं भरला?"

"तुम्हीच म्हणालात काठोकाठ. पहाटेपासनं भरतुय. कोंबडं भरलं, बादली भरली, दादाचा खोकला भरला. दुपारीच वरपर्यंत आला."

वहिनीनं त्याला जालिंदरकडं पिटाळलं. जालिंदर हा गावातला मंडप आणि साऊंडवाला. लग्नसराई असल्यामुळं तो कायम शिडीवर असे, आणि शहाणपण वरूनच खाली टाकत असे. त्यानं फोन रिकामा करून दिला आणि म्हणाला, "रेकॉर्डिंग लय सोपं हाय. फोन तोंडापाशी धरायचा, वीतभर अंतरावर. त्याच्यापरास लांब न्हाई. पर घरातलं मोलाचं गाणं बिघडवू नको. आधी बाहेर कुठंतरी हात बसव."

"एवढंच ना? बघाच आता."

म्हादबा मारुतीच्या पारावर गेला आणि हात बसवला. उजवा हात बुडाखाली घेऊन तासभर बसला. हाताला मुंग्या आल्या तेव्हा त्याला वाटलं, आता चांगला बसला. मग तो तोंड शोधायला निघाला.

देवळापुढं दगडू गुरव शिंग फुंकायला उभा होता. दगडूचं तोंड शिंगाला लागलेलं, त्यामुळं ते काही मोकळं नव्हतं. पण शिंगाला आपलं स्वतःचं चांगलं परातीएवढं तोंड होतं. म्हादबानं वीत मोजली आणि फोन शिंगाच्या तोंडाशी धरला. दगडूनं छाती भरून फुंकर घातली. म्हादबाचा फेटा मागच्या मागं उडाला, पण फोनवाला हात हलला नाही. हात बसलेला होता ना!

जालिंदरनं ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि कानातलं बोट काढत म्हणाला, "आरं, आवाज फाटला की पार!"

 म्हादबानं फोन उलटासुलटा करून बघितला. खिसाही चाचपला. मग धावत शिंप्याकडं गेला.

"काका, जरा शिवून द्या. उद्या वहिनी जाणार हायत."

"काय शिवायचंय?"

"आवाज फाटलाय."

शिंपी पक्का होता. त्यानं चष्मा नाकावर ओढला. "धागा कुठल्या रंगाचा लावू? आन् मिळताजुळता आवाज आणलाय का ठिगळाला?"

म्हादबानं एक ओरडून दाखवला. शिंपी म्हणाला, हा पोत जाडा आहे, उसवेल. म्हादबा पडेल तोंडानं पुन्हा शिडीखाली येऊन उभा राहिला. जालिंदर आता हसून हसून शिडीवरून पडायच्या बेतात होता.

"आवाज मोठा असंल तर लांब जायाचं, येड्या! जितका मोठा, तितकं लांब. आन् वाऱ्याची फुंकर बसती म्हणून तोंडाला मऊ कापड बांधायचं. कापड नसंल तर पायमोजा घाल."

"एवढंच ना? बघाच आता."

गावात सगळ्यात मोठा कोण? सरपंच. तात्या शाळेपुढं झेंड्याच्या कट्ट्यावर भाषणाला उभे राहत होते. म्हादबा दादाचा पायमोजा घेऊन कट्ट्यावर चढला.

"काय रं?"

"तोंडाला घालायचाय, तात्या. फुंकर बसती."

"कुणाच्या तोंडाला?"

"तुमच्या. धुतलेला हाय."

तात्यांना पुढचं नीटसं सुचायच्या आत पायमोजा नाकापर्यंत चढला होता. म्हादबा लगेच खाली उडी मारून पळत सुटला, कारण मोठ्यापासून लांब जायचं होतं. तात्या त्याच्या मागं पळाले. तात्या जसजसे मोठ्यानं ओरडत, तसतसा म्हादबा आणखी लांब जाई. लोकांना वाटलं, म्हादबा भिऊन पळतोय. छे! तो रेकॉर्डिंग करत होता.

रात्रीच्या जेवणाला वहिनीनं हे सगळं ऐकलं. ती हसली नाही. चिमीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "र्‍हाऊ द्या भावजी. मी जात न्हाई. नोकरी काय, पुढं कधी मिळंल न्हाईतर न मिळंल."

म्हादबानं ताट बाजूला सारलं. वहिनीसाठी तो जीव ओवाळून टाकायला तयार होता, आणि साधा एक पाळणा त्याला भरता येत नव्हता. सकाळ होताच तो जालिंदरकडं गेला आणि शिडीचे पाय धरले. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जालिंदरही मग चेष्टा सोडून खाली उतरला.

"हे बघ म्हादबा, बाकीचं समदं इसर. शांतता पायजे, बस. जे जे वाजतंय ते बंद कर. सुई पडली तरी ऐकू आली पायजे. आन् मधीच कसला आवाज आला, तर लगीच अंगठा दाबून रेकॉर्डिंग थांबवायचं. आवाज गेला, की परत दाबून सुरू करायचं. समजलं?"

"समजलं," म्हादबा म्हणाला. या वेळी त्याला खरोखरच समजल्यासारखं वाटत होतं.

दुपारच्या एसटीनं वहिनी निघणार होती. त्याआधी म्हादबानं घर असं शांत केलं की पाल चुकचुकायला लाजली. पंखा बंद, टीव्ही बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. कोंबडं डालग्याखाली घातलं. म्हशीच्या गळ्यातली घंटा सोडली, चिमीच्या पायातले वाळे काढले. दादाला खोकला होता म्हणून त्याला पार ओढ्याकडं पाठवलं.

"वहिनी, बांगड्या काढा."

"बांगड्या काढत न्हाईत, भावजी. सवाशीण बाई हाय मी."

मग त्यानं बांगड्यांना चिंधी गुंडाळली. फोन सुरू करून एक सुई जमिनीवर टाकली. टिंग! स्पष्ट ऐकू आली. म्हादबानं समाधानानं मान डोलावली आणि वहिनीला खूण केली.

वहिनीनं डोळे मिटले. लेकीला पहिल्यांदाच सोडून जायचं होतं. पण सूर लागला तो असा, की डालग्याखालचं कोंबडंसुद्धा गप ऐकत राहिलं.

"जो जो गं चिमणाबाई, निजली परसात जाई..."

म्हादबा जालिंदरनं सांगितलं तसं काटेकोर करत होता. त्याचा अंगठा एकदा इथं, एकदा तिथं असा राबत होता. एकही चूक झाली नाही. पाळणा संपला तेव्हा त्याचा अंगठा दुखत होता आणि डोळे भरून आले होते.

"झालं, भावजी?"

"झालं, वहिनी. एक खरखर न्हाई."

वहिनीनं चिमीचा मुका घेतला, दादाचा बटणांचा फोन कनवटीला लावला आणि पिशवी उचलली. जाता जाता म्हणाली, "चिमी झोपली की मला लगीच कळवा. त्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. कळलं न्हाई तर पहाटंच्या गाडीनं मी परत येती."

दिवेलागण झाली आणि चिमीनं गळा काढला. दादानं जालिंदरला बोलावलं होतं. पोरीच्या रडण्यापुढं फोनचा आवाज कसा टिकणार, म्हणून जालिंदर माईक, बॉक्स सगळंच सामान घेऊन आला. आळीतली माणसंही ओट्यावर जमली. वहिनीचा पाळणा ऐकायचा म्हटल्यावर कोण घरी बसणार?

जालिंदरनं फोन बॉक्सला जोडला. म्हादबानं ऐटीत बटण दाबलं.

टिंग! सुई पडली.

मग काहीच नाही.

"आवाज वाढव," दादा म्हणाला. जालिंदरनं वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. शेवटी बटण पार टोकाला गेलं. बॉक्समधून नुसती शांतता येत होती, पण काय शांतता! मधूनमधून वहिनीनं घेतलेला श्वास तेवढा ऐकू येई, आणि पुन्हा शांतता.

"म्हादबा, गाणं कुठंय?"

"मधीच आवाज यायचा ना," म्हादबा म्हणाला. "आला की थांबवायचो. गेला की परत सुरू. एक बी आवाज आत येऊ दिला न्हाई."

जालिंदर मटकन खाली बसला. चिमी आता हातपाय झाडत रडत होती. तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचाच होता. तिला फोनमधून चिमीचं रडणं ऐकू गेलं आणि पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"फोन तसाच र्‍हाऊ द्या," वहिनी म्हणाली, आणि तिकडूनच गायला लागली. "जो जो गं..."

आवाज आला! म्हादबानं चटकन अंगठा दाबला. फोन कट.

वहिनीनं पुन्हा लावला. "जो जो..." पुन्हा कट.

"आरं, काय करतुयास?" दादा ओरडला.

"हात बसलाय," म्हादबा काकुळतीनं म्हणाला. "आपोआप जातुय."

जालिंदरनं त्याला धरून माईकशेजारी त्याच्या दोन्ही हातांवर बसवलं. वहिनीनं तिसऱ्यांदा फोन लावला आणि अख्खा पाळणा गायली. जालिंदरनं तो आपल्या फोनमध्ये भरूनही घेतला. आता तिन्ही दिवसांची चिंता मिटली. आळी डोळे पुसत ऐकत राहिली, दादा झोळी हलवत राहिला, आणि शेवटच्या कडव्याला चिमी झोपली. वहिनी विचारत होती, "झोपली का? झोपली..." आणि म्हादबाच्या फोनची बॅटरी संपली. दिवसभर शांतता भरून भरून ती दमली होती.

माणसं चपला हातात घेऊन पांगली. जालिंदर कुजबुजला, "वहिनीला कळवायला पायजे, न्हाईतर पहाटंच्या गाडीत बसंल ती. दादा, माझ्या फोनवरनं लावू. नंबर काय तुमचा?"

दादा विचारात पडला. त्यानं स्वतःला कधी फोन केला नव्हता.

"मी चार्जर घेऊन येतो. म्हादबा, तू जागचा हलू नको," असं म्हणून जालिंदर गेला. दादा झोळीपाशीच पेंगला. सगळी आळी चिडीचूप झाली.

म्हादबा जागचा हलला नाही. पण त्याला वहिनी दिसत होती. समोर ताट, हातात घास, आणि घशाखाली उतरत नाही. बिचारी उपाशी. नोकरीही जाणार. 'झोपली की लगीच कळवा,' असं ती म्हणाली होती. झोपून किती वेळ झाला!

बॉक्सचं बटण अजून टोकालाच होतं. म्हादबानं एक हात बुडाखालून काढला, माईक ओढला, तोंडापासून वीतभर धरला आणि छाती भरून हाक मारली,

"वहिनीऽऽऽ! चिमी झोपलीऽऽऽ!"

झोळीतून चिमी किंचाळली. दादा उताणा पडला. डालग्याखालचं कोंबडं आरवलं, म्हशीनं दावं तोडलं, आळीतले दिवे एकामागून एक लागले, आणि सरपंचांच्या वाड्याकडून कुणीतरी काठी घेऊन यायला निघालं.

म्हादबानं माईक जागच्या जागी ठेवला आणि पुन्हा हातावर बसला.

"आता पोचली असंल," तो म्हणाला.