फोनची शिदोरी

आमच्या देवीच्या जत्रेत एका मोबाइल कंपनीचे बडे साहेब आले. टेबलावर चार कंपन्यांचे फोन मांडून त्यांनी तीन फोनांना भरपूर नावं ठेवली. याची बॅटरी दुपारीच मान टाकते, त्याची काच नुसतं बघितलं तरी तडकते. मग त्यांनी आपल्या कंपनीचा फोन उचलला आणि त्याने चक्क नारळ फोडला! फोनवर ओरखडासुद्धा नाही. आम्ही आ वासून बघतच राहिलो.

"आणि एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको!" साहेब गरजले. "यात कुणी खोट काढून दाखवावी, फोन त्याचा!"

तेवढ्यात द्वारकाकाकू पुढे झाल्या. त्यांच्या जिभेला सगळा गाव वचकून असतो.

"साहेब, तुम्ही स्वतः कुठला वापरता?"

"हाच की!"

"बघू तरी."

साहेबांनी ऐटीत खिशातून फोन काढला. त्याला जाडजूड रबरी कव्हर होतं, काचेवर आणखी एक काच होती, आणि मागोमाग वायरीला लोंबकळत पॉवर बँकही बाहेर आली.

काकूंनी सगळं शांतपणे निरखलं.

"नारळ फोडणाऱ्या पैलवानाला एवढी गोधडी कशाला हो? आणि दोन दिवस उपाशी चालणारा गडी शिदोरी बांधून का फिरतो?"

मग असा हशा उसळला की पलीकडचे ढोलवालेही वाजवायचे थांबले. मी तर मनातल्या मनात काकूंना हात जोडले.

साहेबांनी घाम पुसला आणि मुकाट्याने टेबलावरचा फोन काकूंपुढे धरला.

"तो नको," काकू म्हणाल्या. "तुमच्या खिशातलाच द्या. गोधडी आणि शिदोरीसकट!"