पाढ्यांचा आवाज

एकदा एका शिक्षकाला शिकवण्याचा कंटाळा आला. यात नवल काही नाही. नवल एवढेच की त्याने तो कबूल केला. अकरा वर्षे तो एका मोठ्या गावातल्या शाळेत मुलांना अक्षरे आणि पाढे शिकवत होता. पहिली दोन वर्षे तो उत्साहाने शिकवी, पुढची तीन सवयीने. आणि त्यानंतर नेमके कशाच्या जोरावर शिकवत होता, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

अशात पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. परगावच्या अडत्यांना पत्रे लिहिण्यासाठी त्याला सुरेख अक्षराचा माणूस हवा होता. बसायला गादी, टेकायला लोड, आणि मुख्य म्हणजे पत्र कितीही वेळा लिहिले तरी ते नाक पुसत नाही की बाहेर जाण्याची परवानगी मागत नाही. शिक्षकाला हे फार पटले. व्यापाऱ्याचा माणूस गुरुवारी दुपारी गाडी घेऊन येणार होता. गाडीत बसले की शाळा सुटली, कायमची.

मात्र गुरूने सोपवलेले काम गुरूला न विचारता सोडायचे नाही, अशी तेव्हा रीत होती. म्हणून बुधवारी तो नदीपलीकडे आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला. ते ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"आचार्य, शिकवण्याची ओढच राहिली नाही," तो म्हणाला. "तेच पाढे, तीच बाराखडी. मुलं तेवढी बदलतात. ज्यात मन नाही ते काम ओढत राहण्यात काय अर्थ? आपण अनुज्ञा द्यावी."

त्याची समजूत होती की आता निदान तासभर उपदेश ऐकावा लागणार. त्यासाठी चार उत्तरे त्याने वाटेतच जुळवून ठेवली होती.

"मुलांना पाढे येतात का रे?" आचार्यांनी विचारले.

"चोख! रस्त्यापर्यंत आवाज जातो."

"मग उद्या येऊन ऐकतो आणि लगेच अनुज्ञा देतो. घे, शेंगा खा."

चारही उत्तरे तशीच पोटात ठेवून शिक्षक परतला.

गुरुवारी सकाळी आचार्य आले आणि दाराजवळ, सर्वांत मागच्या रांगेशी जमिनीवर बसले. शिक्षकाने पाढे सुरू केले. रीत अशी की पुढच्या रांगेतल्या एका मुलाने म्हणायचे आणि मागून तीसच्या तीस मुलांनी एका सुरात म्हणायचे. शिक्षक चौरंगावर छडीने ताल धरी आणि डोळे मिटी. मुले याला एकाग्रता समजत. वास्तविक ती अर्धी झोप होती. पण छडी तालात चाले, त्यामुळे कोणाला शंका घेण्याचे कारण नव्हते.

बे एके बे पासून दहा दाहे शंभरपर्यंत पाढे दणाणले. "शाबास!" शिक्षक मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. "सगळ्यांचे पाढे उत्तम." मग त्याने डोळे उघडले.

समोर चार मुले होती. मानेच्या शिरा फुगवून ओरडल्यामुळे ती लालबुंद झाली होती. मागच्या सतरंज्या रिकाम्या होत्या. दार उघडे होते आणि बाहेर चिंचेखाली उरलेली सव्वीस मुले आचार्यांभोवती गुपचूप बसली होती.

शिक्षक तरातरा बाहेर आला. "आचार्य, हे काय? आपण माझा वर्ग मोडलात!"

"आवाज कमी झाला का?" आचार्यांनी विचारले.

शिक्षक थबकला. आवाज खरोखरच कमी झाला नव्हता.

"ज्यांचे नुसते ओठ हलत होते, त्यांना मी खुणेनं एकेक करून बाहेर बोलावलं," आचार्य म्हणाले. "तुला जाग येईल म्हणून मला सारखी धास्ती. पण तू सहकार्य केलंस."

मुले खुदखुदली. शिक्षकाचा चेहरा उतरला. त्याने समोरच्याच एका मुलाला धरले. "भिवा, तूसुद्धा? सात चोक किती?"

भिवा कोष्ट्याचा मुलगा. त्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. "नाही येत, गुरुजी."

"मग तीन वर्षं रोज म्हणतोस काय?"

"सगळे म्हणतात ना, त्यात माझं खपून जातं."

शिक्षकाचा हात छडीकडे गेला. पण छडी आत चौरंगावर राहिली होती. हात रिकामाच उरल्यामुळे तो खाली बसला. बसल्यावर भिवाची बोटे जवळून दिसली. नखांत निळा रंग होता.

"हे कशाचं रे?"

"मागावरचं. मी आईबरोबर काठ विणतो. मोराचा."

"एका मोराला पिसं किती?"

"चार."

"आणि हातभर काठात मोर किती बसतात?"

"सात."

"मग हातभर काठात पिसं किती?"

"अठ्ठावीस," भिवा म्हणाला. एवढे साधे गुरुजींना कसे ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता.

भिवाचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "सात... चोक..." एकाएकी त्याने मान वर केली. "गुरुजी! हे मोराचंच आहे! सगळंच का? पाचाचं, नवाचं पण?"

त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडले ते शिक्षकाने फार जवळून पाहिले. अकरा वर्षांत अशा वेळी त्याचे डोळे बहुधा मिटलेले असत.

आचार्य हळू आवाजात म्हणाले, "पाढे तुला लहानपणापासून येतात. जे येतं तेच रोज घोकलं तर कोणालाही वीट येणारच. ओढ गेली ती तिथेच. पण भिवाचं कुठे अडलंय, हे तुला येत नव्हतं. तीन वर्षं तो तुझ्यासमोर बसत होता आणि तू त्याला एकदाही उलगडून पाहिलं नाहीस. शिकवणाऱ्याला रोज नवं काही असतं ते एवढंच, आणि ते पुष्कळ असतं. आता अनुज्ञा मागितलीस तर देतो. शब्द दिला आहे."

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. व्यापाऱ्याचा माणूस वेळेच्या आधीच पोचला होता. "चला गुरुजी, सामान कुठंय?"

शिक्षकाने एकदा गाडीतल्या जाड गादीकडे पाहिले. ती खरोखरच मऊ दिसत होती.

"शेठजींना नमस्कार सांगा," तो म्हणाला, "आणि दुसरा माणूस पाहा म्हणावं. इथलं काम राहिलंय."

"राहिलंय? अकरा वर्षं शिकवताय ना?"

"तेच वाटत होतं मला."

त्या माणसाला याचा अर्थ लागला नाही. त्याने आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी त्याला मूठभर शेंगा दिल्या. गाडी रिकामी परत गेली.

"उरलेल्या पंचवीस जणांचं कुठे कुठे अडलं असेल, आचार्य?" शिक्षकाने विचारले.

"मला काय ठाऊक? शाळा तुझी आहे," असे म्हणून आचार्य काठी घेऊन उठले.

शिक्षक पुढच्या मुलाशेजारी सरकला. "बोल बाळ, तुझं कुठे अडतं?"

मुलाने मागे वळून पाहिले. गुरुजी दुसऱ्याच कोणाला तरी विचारत असावेत, असे त्याला वाटले.