हजारवालं मशीन

कुडाळच्या जनावरांच्या डॉक्टर वसुधा केळुसकर यांना गाडीच्या चाकाचे नट सोडवायला बॅटरीवरचं मशीन हवं होतं. वर्षातून एकदोनदा गाडी पंक्चर व्हायची, तीही नेमकी आडरानात, आणि पान्याशी झटापट करून त्यांची कंबर धरायची. पण दुकानात शिरल्या आणि पार गोंधळल्या. एका मशीनवर तीनशे, दुसऱ्यावर सातशे, तिसऱ्यावर हजार. आकडे कसले, तेच कळेना.

“यातलं माझ्या गाडीला कुठलं?”

“हजारवालं,” दुकानदार सुहासशेठ खुर्चीतून न उठता म्हणाले. “ट्रकचे नट खोलतं. बाकी तुम्हाला नाही समजायचं, डॉक्टरीणबाई. घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा.”

बाईंचा गोंधळ तसाच राहिला, वर डोकं तापलं ते वेगळंच. “दारात गाडी आहे. चालवून दाखवा,” त्या म्हणाल्या.

शेठनी ऐटीत हजारवाल्यानं एक नट सोडवला आणि त्याच मशीननं घर्रकन आवळूनही टाकला.

बाईंनी डिकीतला साधा पाना काढून त्यांच्या हातात दिला. “सहा महिने पडून मशीनची बॅटरी उतरली, असं समजा. आता सोडवा.”

शेठ पान्याला लोंबकळले, मग त्यावर उभे राहिले, शेवटी नाचलेसुद्धा. नट ढिम्म हलला नाही.

“आकड्यांचं मला अजूनही काही कळलेलं नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण पुरुषमाणसालाही सुटत नाही इतकं आवळणारं मशीन घेऊन मी आडरानात काय करू?”

शेठनी घाम पुसला आणि कमी जोराचं, तीनशेवालं पुढे केलं.