नऊ पेल्यांचा गडी

ढोलगडावर तीनशे शिपाई होते. त्या सकाळी हजेरीला सरळ उभे राहिले अकरा, आणि त्यातलेही चार भिंतीला टेकून.

राजे रायाजीराव संतापले. दसऱ्याला शेजारचा राजा फौज पाहायला येणार होता. त्याला ही फौज दाखवायची?

"देमा कलालाला बोलवा!"

देमाची दारूची भट्टी गडाच्या पायथ्याशी होती. बिचारा हातातलं काम टाकून आला. मागून त्याची मुलगी सगुणी आली, अंग चोरून, पण डोळे उघडे ठेवून.

"देमा, महिन्यापूर्वी आम्ही तुझ्या मडक्यांवर चित्रं काढून दिली. पहिल्या धारेच्या कडक दारूवर वाघ, मधलीवर बैल, फिक्कीवर शेळी. कशात किती जोर ते कळावं आणि माणसानं बेतानं प्यावं म्हणून. तरी ही दशा?"

सगुणी हळूच म्हणाली, "महाराज, चित्रं आल्यापासूनच ही दशा झाली."

"म्हणजे आमचं चुकलं?"

"चित्रं झकास आहेत, महाराज. पण चारचौघांत 'मला शेळी दे' असं कोणता शिपाई म्हणेल? आधी फिक्की पिणारेही आता वाघ मागतात. शेळीच्या मडक्यावर कोळ्यानं जाळं विणलंय."

दरबारात कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. राजे आणखी चिडले.

"मग आता तूच निस्तर! भट्टी बंद करायची नाही, नाहीतर शिपाई पळतील. मागेल त्याला मागेल तितकी द्यायची. पाणी मिसळायचं नाही. जोर किती ते मडक्यावर दिसलंच पाहिजे, आणि खोटं काही चालणार नाही. आठ दिवसांत फौज सरळ उभी राहिली नाही, तर भट्टी फोडून तुम्हा बापलेकीला हद्दीबाहेर हाकलू."

घरी येताच देमानं कपाळ धरलं. "पोरी, एकदा तोंड उघडलंस आणि घर घालवलंस."

"बाबा, तुम्ही फक्त खंडू हवालदारांना तीन दिवस फुकट प्यायला बोलवा."

हवालदार बोलावण्याआधीच हजर झाला. पहिल्या दिवशी त्याला कडक दारू दिली. दोन पेल्यांत त्यानं पाण्याच्या रांजणाला मुजरा केला आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मधली चार पेले पुरली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून फिक्की पीत बसला, तो दिवेलागणीला नवव्या पेल्यावर त्यानं रांजणाकडे आठ दिवसांची रजा मागितली आणि आडवा झाला.

सगुणीनं चित्रं पुसली आणि चुन्यानं रेघा ओढल्या: कडक दारूवर दोन, मधलीवर चार, फिक्कीवर नऊ.

संध्याकाळी बाबू शिपाई आला. "देमाकाका, वाघ द्या."

"वाघ गेला, दादा," सगुणी म्हणाली. "आता रेघा आहेत. जितक्या रेघा, तितक्या पेल्यांत गडी आडवा. तुमची ती दोन रेघांची."

मागून कुणीतरी विचारलं, "काय रे बाबू, दोनच पेल्यांत आडवा होतोस होय?"

बाबूच्या मिशा थरथरल्या. "कोण म्हणतं? मला नऊवाली द्या!"

"मलाही नऊवालीच!" मागचा घाईनं म्हणाला.

बघता बघता सगळी रांग नऊ रेघांच्या मडक्यापुढे लागली. पण पाचव्या पेल्याला पोटाचा नगारा झाला. सहाव्याच्या आत जो तो तटाआड धावला, आणि परत येईपर्यंत जेवणाची वेळ झाली. नऊपर्यंत कुणीच पोचेना, आणि दोन रेघांच्या मडक्याकडे फिरकायची कुणाची छाती होईना.

आठव्या सकाळी तीनशे शिपाई सरळ उभे राहिले. काही जण चुळबुळत होते, ते निराळ्या कारणानं.

राजांनी मडकी गडावर मागवली, चव घेतली, हवालदाराची साक्ष घेतली. दारू तीच, जोर तोच, रेघा खऱ्या.

"आम्हीही जोरच दाखवला आणि तूही जोरच दाखवलास. मग फरक कुठे पडला?"

सगुणी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "महाराज, तुमच्या चित्रातून दारू किती दांडगी ते कळायचं. माझ्या रेघांवरून पिणारा किती लेचापेचा ते कळतं."

राजांनी हसू दाबलं. "बरं. एक मडकं आमच्या महालात ठेव."

"कोणतं ठेवू, महाराज?"

राजांनी तोंड उघडलं. समोर तीनशे शिपाई कान टवकारून उभे होते.

"नऊवालं," राजे पुटपुटले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं, की डोक्यावरचा मंदिल घसरून नाकावर आला. हसता हसताच त्यांनी भट्टीची जमीन कायमची देमाच्या नावे करून दिली आणि हातातलं सोन्याचं कडं सगुणीला दिलं. ते तिच्या दंडालाही सैल झालं.