सोबत्याचं पाणी

या, असे कडेकडेनं या. शेवाळ आहे, पाय जपून टाका. समोर दिसतं ते पखालवाडीचं तळं आणि तुम्ही उभे आहात तो खडक. खडकावरचे हे ओंजळीएवढे खळगे पावसानं पडलेले नाहीत, माणसांनी छिन्नीनं खोदलेत. कुणी म्हणतं मसाला कुटायची उखळं असतील, कुणी म्हणतं जुन्या काळचा कसला तरी खेळ असेल. गेल्या साली एका साहेबांनी फोटो काढता काढता बायकोचा मोबाईल त्यातल्या एका खळग्यात ठेवला. खळगा पाण्यानं भरलेला आहे हे मोबाईल बुडाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि मग बायकोनं त्यांना जे ऐकवलं ते साऱ्या वाडीनं ऐकलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी हैबती लांघी, याच वाडीचा. आज पौष शुद्ध अष्टमी. थोड्या वेळानं सगळी वाडी इथं उतरेल, बाहेरगावचीही माणसं येतील. तोवर हे काय आहे ते ऐका. मला हे माझ्या चुलत्यानं सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. यात खरं किती आणि वाढवलेलं किती, ते मला विचारू नका. मी काही काढून टाकलेलं नाही एवढं खरं.

पानिपत म्हटलं की लोकांना घोडी आठवतात, भाले आठवतात, सरदार आठवतात. पण एवढा मोठा लष्कराचा लोंढा उत्तरेला चालला, त्याला प्यायला पाणी कोण पुरवणार होतं? आमची वाडी पाणक्यांची. घरटी एक गडी, एक रेडा आणि रेड्याच्या पाठीवर कातड्याची भलीमोठी पखाल, असे आमचे लोक लष्कराबरोबर गेले. हातात तलवार नाही, नावावर जहागीर नाही. लढाईच्या गोष्टीत त्यांना कुणी मोजत नाही आणि त्यांचीही तशी काही तक्रार नसावी.

पौष अष्टमीला पानिपतावर मोड झाला. इथं तो कळायला शिमगा उजाडला. आधी नुसती कुजबुज आली, मग घाटावरून उतरणारे व्यापारी सांगू लागले की घराघरांत रडारड आहे. सारा मुलूख एकदम सुतकात गेला. आमच्या वाडीत मात्र कुणी रडेना. कारण कोण गेलं आणि कोण राहिलं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बायका रोज संध्याकाळी खिंडीपर्यंत जाऊन यायच्या, एकमेकींशी न बोलता.

त्या साली पाऊस चांगला झाला, असं सांगतात. नाले भरले, शेतं पिकली, पण तळ्यात पाणी ठरेना. रात्री काठोकाठ दिसायचं आणि सकाळी हात हात खाली गेलेलं असायचं. दिवाळी सरली तोवर तळाचा चिखल उघडा पडला. परवा भूजल खात्याचे लोक आले होते, ते म्हणाले खडकाला भेग असेल. असेलही. वाडीतले लोक तेव्हा वेगळं म्हणत होते. ते म्हणत, आपली माणसं तहानलेली आहेत, त्यांना अजून कुणी पाणी दिलेलं नाही, तीच येऊन पखाली भरून नेतात.

वाडीचा नाईक तेव्हा कोंडाजी होता. म्हातारा करारी होता. त्याचा एकुलता मुलगा हिरोजी पखाल घेऊन गेला होता. कोंडाजीनं वाडी गोळा केली आणि सांगितलं की पौष अष्टमीला वर्ष पुरं होतंय, त्या दिवशी तळ्याकाठी सगळ्यांच्या नावानं पाणी सोडायचं. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या माणसाचं नाव घ्यायचं. तळं भरलं तर राहायचं, नाही तर उन्हाळ्याच्या आत वाडी उठवायची आणि पाणी असेल तिकडं जायचं. नाव घेण्यात एकही घर मागं राहता कामा नये, कारण एकजण जरी तहानलेला राहिला तरी तळं पुन्हा आटणार.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. नाही म्हणाली ती एकटी भिवरा.

भिवरा म्हणजे येसूची बायको. अंगानं काटक, जिभेनं तिखट, दोन घागरी डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन भांडत भांडत चढ चढायची. येसू तिच्या उलट, मुलखाचा शांत. नवराबायकोचं फार गूळपीठ होतं म्हणे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नाईक, नाव घेऊन पानी सोडलं की मानूस मेला. मंग माझ्या बांगड्या फोडाल. म्या माझ्या तोंडानं माझ्या धन्याला मारनार न्हाई."

"अगं, वरीस झालं," कोंडाजी म्हणाला.

"झालं आसंल. त्याला मेलेला बघितला कुनी?"

बघितला कुणीच नव्हता. पण तहान सगळ्यांना होती, लेकरं सगळ्यांना होती. जावा-नणंदा तिला समजावून थकल्या, मग रागावल्या, मग तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिच्या एका हट्टापायी वाडी उठणार, असं लोक तिच्या तोंडावर म्हणू लागले. भिवरा बाहेरून दगड झाली, पण चुलीपुढं बसली की धाय मोकलून रडायची. तिला वाडी नको होती असं थोडंच आहे? तिला वाडीही हवी होती आणि नवराही.

अशात मार्गशीर्ष संपता संपता एकजण परत आला. त्याचं नाव गोंदजी. एक पाय अधू, अंगावर चिंध्या, पाठीवर रेड्याविना नुसतीच फाटलेली पखाल. तो वाडीत शिरलाच नाही, इथं या खडकावर येऊन बसला. बायका धावत आल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला. ओठ फुटले होते त्याचे, तरी त्यानं तांब्याला हात लावला नाही. नुसता बघत राहिला.

कोंडाजीला उमगलं. म्हातारा पुढं झाला, तांब्या उचलला आणि गोंदजीच्या ओंजळीत धार धरली. तेव्हा तो प्यायला.

ही पाणक्यांची रीत. पाणक्यानं आपल्या पखालीतलं पाणी आपल्या हातानं प्यायचं नाही, सोबत्यानं पाजायचं. पाणी कमी पडलं की वाहणाराच आधी पिऊन बसेल, म्हणून कुणा शहाण्यानं कधीतरी घातलेला नेम. दोन पाणके जोडीनं चालायचे, हा त्याला पाजायचा, तो ह्याला. गोंदजी तेवढी वाट चालून आला तो असा दुसऱ्यांच्या हातचं पीत आला. घरी पोचल्यावरही त्याच्यानं तो नेम मोडवेना.

मग त्यानं सांगितलं. दुपार कलल्यावर सगळी पांगापांग झाली, धुळीत कोण आपला कोण परका कळेना. तरी आपले लोक पखाली घेऊन जखमींना पाणी पाजत हिंडत होते. हिरोजीला गोळी लागलेली त्यानं पाहिली. आणखी कुणाकुणाचं पाहिलं तेही त्यानं खालमानेनं सांगून टाकलं आणि त्या त्या घरच्या बायका जागच्या जागी बसल्या. भिवरा उभीच होती.

"आनि आमचं?" तिनं विचारलं.

गोंदजीनं वर पाहिलं. म्हणाला, "वैनी, येसू माझा जोडीदार. मी पडलो तवा त्याच्या पखालीत वंजळभर पानी व्हतं, ते त्यानं मला पाजलं. मंग म्हनला, आता तू मला पाज. माझी पखाल तर फाटली व्हती, थेंब न्हवता. तो हसला. म्हनला, ऱ्हाऊ दे, भरून आनतो. आनि रेडा घेऊन धुळीत गेला. फुडचं मला ठावं न्हाई."

भिवरा खाली बसली. वर्षभरात पहिल्यांदा ती चारचौघांत रडली. आणि रडता रडताच, असं सांगतात, तिच्या ध्यानात काहीतरी आलं. ती उठली, डोळे पुसले आणि थेट कोंडाजीपुढं गेली.

"नाईक, म्या माझ्या धन्याला पानी सोडनार न्हाई. त्यो जिता हाय का मेला मला ठावं न्हाई. पर त्यो तहानलेला हाय, येवढं आता कळलं. तहान जित्यालाबी लागती. आपल्यात आपल्या हातानं आपलं पानी कुटं पितात? सोबत्यानं पाजायचं. तुमच्या लेकाला म्या पाजते. माझ्या धन्याला दुसऱ्या कुनीबी पाजा."

कोंडाजीनं मान डोलावली. सारं वर्ष वाडीला दमात घेणारा तो म्हातारा, पण हिरोजीचं नाव त्याच्याही तोंडातून निघत नव्हतं, हे कुणाला कुठं ठाऊक होतं?

पौष अष्टमीला सगळे इथं जमले. तळ्याच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी बायकांनी वाटीवाटीनं घागरींत भरलं. म्हाताऱ्यांनी खडकात खळगे खोदले होते, गेलेल्या प्रत्येक माणसामागं एक. सगळ्यात आधी भिवरा पुढं झाली. पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाली, "हिरोजी भावजी, पानी घ्या." आणि खळग्यात धार धरली. कोंडाजी लहान मुलासारखा रडला. मग त्यानं दुसऱ्या कुणा बाईच्या मुलाला पाजलं, तिनं तिसरीच्या भावाला. ज्या बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, त्यांच्या नवऱ्यांची नावं शेजारणींनी खणखणीत घेतली. वर्षभर गप्प पडलेली वाडी नावांनी नुसती भरून गेली.

शेवटी गोंदजी लंगडत आला. त्यानं शेवटच्या खळग्यावर ओंजळ धरली. "येसू, घे बाबा, पी," एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री पाऊस नव्हता, ढग नव्हते. तरी सकाळी तळ्यात पायाच्या घोट्याएवढं पाणी होतं, आणि ते ठरलं. पुढच्या पावसात तळं काठोकाठ भरलं, त्यानं आजवर कधी तळ दाखवलेला नाही. भेग आपोआप बुजली असेल, भूजलवाल्यांना विचारा.

येसू काही आला नाही. भिवरा पिकून म्हातारी झाली, कपाळाला कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या तशाच. वाडीतल्या कुणी तिला पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. ती गेली तेव्हा मात्र प्रश्न पडला, की हिला पांढऱ्यात न्यायची की हिरव्यात? चार शहाणे कुजबुजू लागले. तेव्हा गोंदजी म्हातारा काठी टेकत पुढं आला. म्हणाला, "येसू पानी भरून आनतो म्हनलाय. तो न्हाई आला असं आपन कोन ठरवनार? लुगडं हिरवं आना." मग वाडीनं भिवराची ओटी भरली आणि तिला सवाष्ण म्हणूनच नेली.

आजही आम्ही या अष्टमीला तसंच करतो. वर आमचा कासार बसलाय, तो पाहिलात ना? आज वाडीतली प्रत्येक बाई बांगड्या भरते. नवरा असलेली, नसलेली, कुणी विचारत नाही. आणि आता इथं फक्त पाणक्यांची नावं घेतली जात नाहीत. सरहद्दीवर गेलेली पोरं, भूकंपात गाडली गेलेली माणसं, पुरात वाहून गेलेली, ज्यांचा पत्ताच लागला नाही अशी. कुठून कुठून लोक नाव घेऊन येतात. इथं भाषणं नाहीत, हार नाहीत. शेजारी उभा असेल त्याला आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं आणि त्याच्या माणसाचं आपण घ्यायचं. मग सगळे मिळून बाजरीची भाकरी, भोगीला करतात तशी मिसळीची भाजी आणि तिळाची पोळी खातात. हसतात, पोरं पाण्यात खडे मारतात. मला वाटतं, गेलेल्यांनाही सुतकी तोंडांपेक्षा हे बरं वाटत असेल.

महामारीच्या सालापासून गर्दी फार वाढली. त्या साली कुणाला कुणाच्या तोंडात शेवटचा थेंब घालू दिला नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आमची पारू तशीच गेली. मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर आणि ती आत. चाळीस वर्षं शेतावरनं आलो की तिनं माझ्या हातात तांब्या दिला, मी तिला कधी दिला असेल तर आठवत नाही. नंतरच्या अष्टमीला मी इथं आलो आणि घुम्यासारखा उभा राहिलो. शेजारी परभणीकडची एक मुलगी होती, वडिलांसाठी आलेली. तिनं माझ्याकडून नाव विचारून घेतलं आणि असं मोठ्यानं म्हणाली, "पारूमावशी, पाणी घ्या," की जणू आमच्याच ओसरीवर उभी आहे. मी तिच्या वडिलांना पाजलं. मग दोघं पंगतीला बसलो. पारू गेल्यापासून अन्न नुसतं गिळत होतो, त्या दिवशी मी भाजी मागून घेतली.

त्या बघा, बायका घागरी घेऊन उतरायला लागल्या. ताई, तुम्ही मघापासून गप्प आहात. तुमचं कोण आहे? मला नाव सांगा.