न दुखणारी जागा

“मग डोस वाढवायचा की नाही, बाई?”

डॉ. कौस्तुभ गानूने हे तिसऱ्यांदा विचारलं. कृष्णाकाठच्या त्या धर्मादाय दवाखान्यात उंची न वाढणाऱ्या मुलांची तपासणी दर मंगळवारी असे. डॉ. सुशीलाबाई कारखानीस तिथे चाळीस वर्षं होत्या, कौस्तुभ आठ महिने. तो हुशार होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याला तर मुळीच नव्हती.

समोर नऊ वर्षांची सुकन्या बसली होती. तिच्या शरीरात वाढीचं हार्मोन पुरेसं तयार होत नव्हतं. ते रोज झोपताना सुईने द्यावं लागे. यंत्रमागावर काम करणारे तिचे वडील, कल्लाप्पा मगदूम, चौदा महिने स्वतःच्या हाताने टोचत होते. सुरुवातीला पोर भराभर वाढली. गेल्या सहा महिन्यांत मात्र जेमतेम एक सेंटिमीटर.

“रक्ताच्या तपासणीतही औषधाचा परिणाम दिसत नाही,” कौस्तुभ म्हणाला. “एक तर डोस कमी पडतोय, नाहीतर...” त्याने वडिलांकडे पाहिलं. “हे रोज देत नाहीत.”

कल्लाप्पांचा चेहरा उतरला.

“एक दिस चुकलो न्हाई, डॉक्टरसाहेब. पोरीची शपत.”

“सगळे असंच सांगतात.”

“तिसरं काही नसेल का?” बाईंनी विचारलं.

“उंचीच्या आलेखात तरी दिसत नाही.”

बाई उठल्या आणि सुकन्याजवळ स्टुलावर जाऊन बसल्या.

“बाबा कुठे टोचतात गं?”

सुकन्याने बाही वर केली आणि न बघताच उजव्या दंडावर बोट ठेवलं.

“काल?”

“हितंच.”

“परवा?”

“हितंच की.”

बाईंनी कौस्तुभचं मनगट धरलं आणि त्याचं बोट त्या जागी टेकवलं. कातडीखाली सुपारीएवढी गाठ होती. त्याने जरा दाबून पाहिलं.

“दुखतंय?”

“न्हाई. म्हणून तर हितं.”

“पयल्यांदा लई रडायची, बाई,” कल्लाप्पा म्हणाले. “तिच्यासंगं मीबी रडायचो. मग हितं दुखायचं थांबलं. म्हटलं, देव पावला. जागा कशाला बदलू?”

कौस्तुभचं बोट अजून गाठीवरच होतं. एकाच जागी सुई टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि औषध अंगात नीट उतरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. परीक्षेत या उत्तराला त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

“डोस तोच,” बाई म्हणाल्या. “गाठीला सुई लावायची नाही. दंड, मांडी, पोट... रोज जागा बदलायची.”

“नव्या जागी दुखंल की हो तिला.”

“दुखेल.”

“रडंल...”

“रडू दे. तुम्ही नका रडू.”

तीन महिन्यांनी बापलेक परत आले. कौस्तुभने सुकन्याला भिंतीच्या मोजपट्टीला उभं केलं आणि तीनदा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळी त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. अडीच सेंटिमीटर वाढ! त्याला इतका आनंद झाला की आलेखावर ठिपका द्यायचंच तो विसरला.

“आता रोज दुखतंय,” सुकन्या ऐटीत म्हणाली.

कौस्तुभ कल्लाप्पांपुढे उभा राहिला.

“मी तुम्हाला खोटं ठरवलं. चुकलो.”

“जाऊ द्या हो, साहेब. पोर वाढली न्हवं?”

बापलेक औषधासाठी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कौस्तुभ बाईंकडे वळला.

“बाई, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय वाचू?”

बाईंनी त्यालाच उलट विचारलं.

“रडणाऱ्या मुलाला ही सुई कधी टोचली आहेस?”

“मी? नाही... ती घरचेच देतात ना.”

“मग आधी ते शीक. शिकवणारे बाहेर बाकावर बसलेत.”